घोडीचं पोट वारंवार दुखतं तेव्हा: आधी वैरण बघा, मग चंदी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शर्यतीतून निवृत्त झालेली आठ वर्षांची थरोब्रेड घोडी तुम्ही घेतली आहे. ती पश्चिम उपनगरातल्या एका तबेल्यात असते आणि पहाटे तासभर तिच्यावर रपेट होते. वर्षभरात तीनदा तिच्या पोटात दुखलं. अंगावर मांस धरत नाही, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येते, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी मागच्या पायांत आखडते. खाणं असं: सकाळ-संध्याकाळ अडीच-अडीच किलो चंदी (ओट, जव, हरभरा), संध्याकाळी त्यात दोन किलो गव्हाचा कोंडा आणि गूळ, आणि दिवसभरात चारेक किलो सुकं गवत. आता कोणती पावडर किंवा टॉनिक सुरू करावं, असं तुम्ही विचारलंय.

सध्या कोणतीच पावडर नको. तुम्ही चार वेगवेगळ्या तक्रारी लिहिल्यात, पण मला त्या एकाच जागेवरून आलेल्या दिसतात. घोडीला गवत कमी मिळतंय आणि ती कमतरता चंदीने भरून काढली जातेय. मुंबईतल्या तबेल्यांत मी हे इतक्या वेळा पाहिलंय की पोटदुखीचा फोन आला की औषधांआधी मी गवताचं वजन विचारतो.

असं का होतं, तेही समजून घ्या. मुंबईत घोड्याला चरायला जागा नाही. दिवसातले बावीस-तेवीस तास तो ठाणावर असतो. सुकं गवत पालघर-ठाण्याच्या वखारींतून ट्रकने येतं, त्याला जागा लागते, पावसाळ्यात ते सांभाळणं जिकिरीचं. चंदीचं पोतं मात्र कोपऱ्यात मावतं. त्यामुळे घोडा रोड दिसला की हात आपोआप पोत्याकडे जातो. शिवाय महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर तालमीत असताना या घोड्यांना भरपूर चंदीची सवय लागलेली असते. नवा मालक प्रेमापोटी तेच चालू ठेवतो, कामाचा जोर मात्र चौथ्या हिश्श्यावर आलेला असतो.

आता घोड्याच्या पोटाची रचना बघा. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम ८ ते १५ लिटरचं. त्यात आम्ल चोवीस तास पाझरत राहतं, पोटात काही असो वा नसो. या आम्लाची धार कमी करते ती लाळ, आणि घोड्याच्या तोंडात लाळ चावतानाच सुटते. एक किलो सुकं गवत संपवायला घोड्याला साधारण चाळीस मिनिटं लागतात, एक किलो ओट दहा मिनिटांत फस्त. म्हणजे चंदी पोट भरते, पण लाळ देत नाही. भरीला घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकणार.

पुढे लहान आतड्याची पिष्ट पचवायची ताकद मर्यादित आहे. एका वेळच्या खाण्यात शरीराच्या दर किलो वजनामागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये, असा अंदाज आम्ही धरतो. तुमची घोडी ४५० किलोची धरली तर एका वेळी ४५० ग्रॅम पिष्ट. तुमच्या अडीच किलो चंदीत ते ११०० ग्रॅमच्या आसपास जातं, दुपटीहून जास्त. न पचलेलं पिष्ट मोठ्या आतड्यात उतरतं. तिथे तंतू आंबवून घोड्याला ताकद पुरवणारे सूक्ष्मजीव राहतात. त्यांच्यावर हा पिष्टाचा लोंढा आला की वायू आणि लॅक्टिक आम्ल तयार होतं, पोट फुगतं, आतड्याची हालचाल बिघडते. पोटशूळ इथून सुरू होतो. प्रमाण आणखी बिघडलं, म्हणजे घोड्याने रात्री सुटून पोतंच फस्त केलं, तर याच वाटेने लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या थरांचा दाह) होतो आणि घोडा खुरांवर कायमचा अधू होऊ शकतो.

तुमच्या तबेल्यातल्या रात्रीचा हिशोब करून पाहा. साईस (घोडीची देखभाल करणारा माणूस) सात वाजता शेवटचं गवत टाकून जातो. दोन किलो गवत नऊच्या आत संपतं. पहाटे साडेपाचला खोगीर चढतं. म्हणजे आठ-साडेआठ तास रिकामं पोट, त्यात आम्ल साठलेलं, आणि तशाच पोटी दुडकी-चौकडी. पळताना पोटाचे स्नायू जठरावर दाब देतात आणि आम्ल वरच्या, नाजूक अस्तराच्या भागावर उसळतं. तालमीतल्या शर्यतीच्या घोड्यांची दुर्बिणीने तपासणी केली की दहांतल्या आठ-नऊ घोड्यांच्या जठरात व्रण सापडतात. तुमची घोडी तिथूनच आली आहे. तंग आवळताना चावणं, चंदी अर्ध्यात टाकून गवताकडे वळणं, अंगावर मांस न धरणं, ही सगळी लक्षणं व्रणांशी जुळतात. खात्री जठराच्या दुर्बिणीनेच होते, त्यासाठी साधारण तीन मीटर लांबीची दुर्बीण लागते. तुमच्या पशुवैद्यांशी त्याबद्दल बोला. व्रण निघालेच तर ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा कोर्स ते देतील. पण खाणं न बदलता तो दिला तर गोळ्या संपल्यावर व्रण परत येतात, हे आधीच सांगून ठेवतो.

कोंड्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण आपल्याकडे कोंडा आणि गूळ म्हणजे घोड्याचे लाड असं समीकरण झालंय. दोन किलो कोंड्यातून घोडीला वीसेक ग्रॅम फॉस्फरस मिळतो आणि कॅल्शियम अवघं दोन-तीन ग्रॅम. ओट-जवातही फॉस्फरसच जास्त. घोड्याच्या एकूण खाण्यात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी हवं, दीडपट-दुप्पट असेल तर उत्तम. हे उलटं झालं की शरीर रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते ओढून काढतं. महिनोन्‌महिने असं चाललं की घोडा आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडतो, दात दुखतात, आणि शेवटी जबड्याची हाडं मऊ पडून चेहरा दोन्ही बाजूंनी फुगलेला दिसतो. चेहरा फुगेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

यात मुंबईची एक खास अडचण मिसळते. इथे हिरवं म्हणून जे गवत येतं त्यात पॅरा गवत आणि संकरित नेपियर भरपूर असतं. आरे वसाहतीपासून म्हशींच्या तबेल्यांसाठी ही गवतं वर्षानुवर्षं लावली जातात आणि म्हशीला ती चालतात, कारण तिच्या पोटातले जीवाणू त्यातलं ऑक्झलेट बऱ्यापैकी मोडून टाकतात. घोड्याला ती सोय नाही. ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि ते कॅल्शियम लिदीतून बाहेर पडतं. कोंडा आणि नेपियर एकत्र आले तर हाडांवर दोन बाजूंनी घाला पडतो. म्हणून तुमच्या तबेल्यात येणारं हिरवं गवत नेमकं कोणतं आहे, हे गवतवाल्याला स्पष्ट विचारा. लसूणघास मात्र याबाबतीत वरदान आहे. तिच्यात कॅल्शियम भरपूर, प्रथिनं चांगली, आणि जठरातलं आम्ल शमवायलाही तिचा उपयोग होतो. फक्त ती ढीग करून ठेवू नका. दमट हवेत हिरव्या लसूणघासाचा ढीग दोन-तीन तासांत आतून गरम होतो, आणि तो तापलेला चारा पोट फुगवतो. प्रमाणही आवरा. नाहीतर मूत्रातला अमोनिया वाढतो, आणि बंदिस्त तबेल्यात तो घोड्याच्या छातीला त्रास देतो.

कोणी कॅल्शियमसाठी चुनखडीची बारीक पूड सुचवली तर ती योग्यच आहे, पन्नास ग्रॅम पुडीतून १९-२० ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण पानाचा चुना चुकूनही नको, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

आठवड्यातून एकदा ‘पोट साफ व्हायला’ गरम कोंड्याचा मॅश द्यायची जुनी पद्धतही सोडून द्या. दुसऱ्या दिवशी लीद सैल पडते हे खरं, पण ती आतड्यातले जीवाणू अचानक बदललेल्या खाण्याने बिथरल्यामुळे. पोट दुखणाऱ्या घोडीला असा आठवडी धक्का देण्यात काही अर्थ नाही.

आता आखडण्याबद्दल. सुट्टीच्या दिवशी घोडी उभी, पण चंदी मात्र रोजच्याइतकीच. दुसऱ्या दिवशी बाहेर काढली की पंधरा-वीस मिनिटांत मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक, घाम, पाय टाकायला तयार नाही. स्नायूंचा हा त्रास पिष्टाने वाढतो, आणि बुजऱ्या थरोब्रेड घोड्यांत, विशेषतः नरांपेक्षा माद्यांत, तो जास्त दिसतो. अशा वेळी तिला चालवत तबेल्यात आणायचा आग्रह धरू नका. जिथे आहे तिथेच उभी ठेवा, पाणी द्या, डॉक्टरांना बोलवा. मूत्र कॉफीच्या रंगाचं दिसलं तर एक मिनिटही दवडू नका. स्नायू मोडून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतंय, असा त्याचा अर्थ. टाळायचं कसं? सुट्टीच्या आदल्या संध्याकाळपासून चंदी निम्मी करा, गवत तेवढंच ठेवा, आणि सुट्टीच्या दिवशीही तिला अर्धा तास हाताने फिरवा. चंदीतून कमी केलेली ताकद तेलातून देता येते. तांदळाच्या कोंड्याचं किंवा सोयाबीनचं तेल पन्नास मिलीपासून सुरू करून पंधरा दिवसांत दीडशे मिलीपर्यंत न्या. तेल वाढवलं की ई-जीवनसत्त्वाची गरज वाढते. ताज्या चाऱ्यात ते भरपूर असतं, सुक्या गवतात साठवणुकीतच उडून जातं. रोज हजार युनिटच्या आसपास द्यावं लागेल.

ई-जीवनसत्त्वाच्या पुडीत बहुधा सेलेनियमही घातलेलं असतं, तिथे फार जपा. सेलेनियमची गरज आणि विषमात्रा यांत अंतर थोडंच आहे. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत फ्लोरिडात एका पोलो संघाचे २१ घोडे सामन्याच्या तोंडावर मेले. त्यांना टोचलेल्या मिश्रणात सेलेनियम चुकून कितीतरी पट जास्त पडलं होतं. एकावर एक तीन पुड्या सुरू करणाऱ्या मालकांना मी हा प्रसंग सांगतो, कारण तिन्ही पुड्यांत सेलेनियम असू शकतं आणि प्रत्येक डब्यावर ते वेगवेगळ्या एककात छापलेलं असतं.

मीठ तुम्ही लिहिलेलंच नाही, म्हणजे ते दिलं जात नसावं. घोड्याच्या घामात आपल्यापेक्षा जास्त क्षार असतात. एक लिटर घामामागे साधारण दहा ग्रॅम मीठ जातं, आणि मुंबईच्या मे महिन्यात तासाभराच्या रपेटीत घोडा पाच-सहा लिटर घाम सहज गाळतो. चंदी आणि गवतात सोडियम नगण्य. मीठ कमी पडलं की तहान मंदावते, पाणी कमी प्यायलं जातं, आणि मग कोरडं गवत मोठ्या आतड्यात घट्ट बसतं. पोटदुखीचा हा दुसरा प्रकार, लीद अडकण्याचा. साधं मीठ रोज तीस ग्रॅम, भरपूर घाम आलेल्या दिवशी पन्नास-साठ. पाणी सतत समोर हवं, दिवसाला तीस ते पन्नास लिटर. नळाला ठरावीक वेळी पाणी येतं म्हणून दोन बादल्या भरून ठेवल्या, हे पुरत नाही. रात्री बादली रिकामी झाली की सकाळपर्यंत घोडी तशीच राहते. पिंप ठेवा आणि सकाळी किती उतरलं ते बघा. एखादा घोडा या हवेत घामच गाळेनासा होतो, अंग कोरडं आणि श्वास धापा टाकल्यासारखा. तसं कधी दिसलं तर काम तिथल्या तिथे थांबवा, अंगावर गार पाणी ओता. तो आजार फक्त मिठाने बरा होत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे सुकं गवत, मका, पेंड सगळ्याला बुरशी धरते. गवत फरशीवर कधीच नको, लाकडी फळ्यांवर रचा, भिंतीपासून हातभर लांब. गाठ सोडल्यावर कुबट वास आला, पांढरी-करडी धूळ उडाली तर ती गाठ फेकून द्या, पैसे गेले तरी चालेल. ती धूळ श्वासात जाऊन घोड्याला जुनाट खोकला जडतो. बरं दिसणारं गवतही देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून काढा. त्यापेक्षा जास्त वेळ भिजवून ठेवलं तर या उष्णतेत ते आंबतं. बुरशीचा मका तर घोड्याला थेट मेंदूपर्यंत मारतो, फ्युमोनिसिन नावाच्या विषाने. दोन-तीन दिवसांत घोडा भिंतीला डोकं टेकतो, आंधळ्यासारखा फिरतो आणि जातो. त्यावर इलाज नाही. म्हणून पावसाळ्यात मी मका कोणाच्याही चंदीत राहू देत नाही. हरभरा भिजवत असाल तर सकाळी भिजवलेला सकाळीच संपवा. आणि कोरडा अख्खा हरभरा कधीच देऊ नका, तो आत फुगतो.

तबेल्यात शेजारी म्हशी असतील तर त्यांच्या खाद्याचं पोतं घोडीच्या आवाक्यात नको. गाईम्हशींच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गुरांना ते मानवतं, पण घोड्याच्या हृदयाचे स्नायू त्याने मरतात, आणि त्यासाठी शरीराच्या दर किलोमागे दोन-तीन मिलिग्रॅम पुरे होतात. गवताच्या टंचाईत कोणी हिरवी ज्वारी आणून टाकली तर तीही नको. त्याने मूत्राशय आणि मागचे पाय निकामी झालेले घोडे बरे होत नाहीत. भाताचा पेंढा पोट भरायला म्हणून टाकू नका, तो आतड्यात अडकतो आणि त्यातून मिळत काही नाही.

आता नेमकं काय करायचं. सगळ्यात आधी घोडीचं वजन काढा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०, म्हणजे किलोत वजन. घेर १८० आणि लांबी १६५ असेल तर बरोबर ४५० येतं. दर पंधरा दिवसांनी त्याच माणसाने, त्याच वेळी मोजायचं. गवत आणि चंदीही काट्यावर मोजून द्या. ‘एक भारा’ आणि ‘दोन डबे’ हे माप नव्हे. ओटाचा डबा आणि जवाचा डबा यांत खूप फरक पडतो. याच आठवड्यात दात तपासून घ्या आणि लिदीची जंतांसाठी तपासणी करा. दाताच्या कडा गालात टोचत असतील तर उत्तम गवतही अर्धवट चावलं जाईल आणि माझा सगळा हिशोब कोलमडेल.

पहिल्या दिवसापासून तीच पाच किलो चंदी चार वेळांत वाटा. कोंडा दर दोन दिवसांनी पाव किलोने कमी करत शून्यावर आणा. गूळ बंद. गवत रोज अर्धा किलोने वाढवत आठ-नऊ किलोवर न्या. त्यातलं निम्मं रात्रीसाठी, बारीक छिद्रांच्या दोन जाळ्यांत भरून. साईसने सातला जाताना जाळ्या टांगल्या की पहाटेपर्यंत पुरतात. रात्री कोणाला जागवायची गरज नाही. गवत स्थिर झालं की चंदी दर दोन दिवसांनी पाव किलोने उतरवत अडीच किलोच्या आत आणा, तीन वेळांत. लसूणघास सुकी दीड किलो, किंवा हिरवी असेल तर सहा-सात. पहाटे खोगीर घालण्याआधी अर्धा तास मूठ-दोन मूठ लसूणघास नक्की द्या, म्हणजे जठरात गादी तयार होते आणि आम्ल वर उसळत नाही. ‘रिकाम्या पोटी घोडा हलका पळतो’ असं साईस म्हणेल. शर्यतीच्या तबेल्यातली ती समजूत आहे, त्याला प्रेमाने समजवा. पुढे गवताचा ट्रक बदलला तरी नवं-जुनं मिसळून दहा-बारा दिवस घ्या. पोटशुळाचे फोन मला बहुतेक नव्या ट्रकनंतर आणि जूनच्या पहिल्या लुसलुशीत हिरव्या चाऱ्यानंतर येतात.

चंदी अर्धी केल्याने घोडी आणखी वाळेल ही भीती तुम्हाला वाटेल. वाळणार नाही. गवत, लसूणघास, तेल आणि उरलेली चंदी मिळून तिच्या हलक्या कामाच्या गरजेपेक्षा जास्तच ताकद जाते. पहिले तीन आठवडे पोट मोठं दिसेल, ते गवताचं. मांस पाठीवर आणि पुठ्ठ्यावर सहा ते आठ आठवड्यांत दिसू लागतं. खुरांच्या भेगांबद्दल तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय. त्यासाठी रोज वीस मिलिग्रॅम बायोटिन देता येईल, पण खूर महिन्याला सेंटिमीटरहून कमी वाढतो, त्यामुळे फरक दिसायला सहा-नऊ महिने लागतील. ती घाई आत्ता नको.

या दरम्यान पोटात पुन्हा दुखलं तर: समोरचं सगळं खाणं काढा, पाणी राहू द्या, नाडी मोजा. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. साठच्या वर गेली, हिरड्या फिकट किंवा जांभळट दिसल्या, लीद बंद असून लोळणं थांबत नसेल, तर ताबडतोब पशुवैद्य. बाटलीने तेल, हिंग किंवा काढा पाजू नका, ते फुप्फुसात जातं. ‘आधी एक इंजेक्शन मारून बघू’ म्हणून घरात ठेवलेलं वेदनाशामकही स्वतःहून देऊ नका. दुखणं झाकलं जातं, आणि वारंवार दिलं तर तेच औषध जठरात आणि आतड्यात व्रण करतं.

चार आठवड्यांनी मला पाच गोष्टी कळवा: छातीचा घेर, रोज संपणारं गवत, पिंपातून उतरणारं पाणी, लिदीचे दिवसभरातले ढीग, आणि तंग आवळताना ती अजून चावते का. तोपर्यंत टॉनिकचे पैसे गवताच्या वखारवाल्याकडे जाऊ द्या.